काळं कापड उतरेपर्यंत

मासेरू, ११ फेब्रुवारी

आत्या,

एव्हाना ती नोटीस तुझ्या हाती पडली असेल. खाली जी सही आहे ती माझीच. कुणी दुसरी लिपुओ असेल असं तुझ्या मनात आलं असेल, तर तसं नाही.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. वर डोंगरात मोखोत्लोंगला जाणाऱ्या टॅक्सीवाल्याजवळ हे पत्र देते आहे, तो खालच्या दुकानात ठेवील.

नोटिशीची भाषा कोरडी आहे. ती तशीच असावी लागते. ‘विनापरवाना विमा व्यवसाय’ असं वाचून तुला हसू आलं असेल, किंवा राग. अर्थ एवढाच आहे की तुझ्या मयत मंडळात माणसं फार झाली. तू सुरू केलंस तेव्हा गावातल्या मूठभर बायका होत्या. कुणी गेलं की शवपेटी, बैल, पीठ, आणि तपकिरी ब्लँकेटं पांघरून ओळीने येणाऱ्या तुम्ही सगळ्या. मग गावच्या मुली इथे कपड्यांच्या कारखान्यांत आल्या, त्यांनी नावं घातली, त्यांच्या मैत्रिणींनी घातली. आता हजाराच्या वर माणसं आहेत. इतक्या माणसांना मेल्यावर पैसे द्यायचं वचन जो देतो, तो कायद्याच्या लेखी विमेवाला. त्याने नोंदणी करायची, हिशेबतपासनीस नेमायचा, बाजूला रक्कम ठेवायची.

हा कायदा उगाच नाही, आत्या. भोंगा लावलेल्या गाडीतून मयताचे हप्ते गोळा करणारा तो माणूस पळाला, तेव्हा त्याच्यावरचा खटला मीच लढवला. एक म्हातारी नवऱ्याचे बूट मांडीवर घेऊन आमच्या पायरीवर बसून असायची. नवरा शवागारात, आणि सोडवायला पैसे नाहीत. तू तसं करणार नाहीस हे मला माहीत आहे. पण कायद्यात तुझं नाव घालून ‘मा-थाकाने सोडून’ असं लिहिता येत नाही.

तू माझी आत्या आहेस हे मी विम्यावर देखरेख करणाऱ्या आमच्या कार्यालयाला पहिल्याच दिवशी लेखी कळवलं. आमच्या वकील विभागाचे प्रमुख न्ताते लेतुका हसले. म्हणाले, “या देशात कुणाचीच भाची नसलेली वकीलबाई हवी असेल, तर मला चंद्रावर जाहिरात द्यावी लागेल.” आणि माझ्या अर्जावर लिहिलं, ‘नोंद घेतली.’ विभागात आम्ही दोघंच आहोत.

या पत्राची प्रत मी फाइलला लावते आहे. समोरच्या पक्षाशी झालेला कुठलाही संपर्क लपवायचा नाही असा नियम आहे. समोरचा पक्ष म्हणजे तू.

नोंदणीला ये. अर्ज मी भरून देऊ शकत नाही, पण तू भरत असताना शेजारी बसू शकते.

आतोबांचा खोकला कसा आहे?

लिपुओ


मासेरू, २० मार्च

आत्या,

काल तुझ्या मंडळातली मा-तुमेलो आमच्या फाटकाशी उभी होती. कारखान्यातून थेट आलेली, अंगभर सुताचे तुकडे. मी म्हटलं, “म्मे, आत या, चहा घ्या.”

“तुमच्या चहाला परवाना कुठे काढावा लागतो गं?” ती म्हणाली. रखवालदार तोंड फिरवून हसला.

“आत्याचा काही निरोप?”

“निरोप माणसाला देतात. कार्यालयाला टपाल जातं.” मग माझ्याकडे खालीवर बघून म्हणाली, “आणि तिचं नाव घेताना डोक्याला निदान रुमाल बांध. तेवढं तरी तिने शिकवलं असेल.”

शिकवलं. तेवढंच नाही, सगळंच. पावसाळ्यात नदी चढली की शाळा पलीकडे राहायची, म्हणून नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुझ्या चुलीजवळची जागा. गावातल्या बायका नवऱ्यांची खाणीतून आलेली पत्रं तुझ्याकडे वाचून घ्यायच्या, आणि तू ती माझ्या हातात द्यायचीस. ‘या महिन्याला पैसे नाहीत’ असं एकदा आलं होतं. समोरच्या बाईचा चेहरा बघून मी ‘पुढच्या महिन्याला पाठवतो’ असं मनाने जोडलं. तू पत्र काढून घेतलंस. “लिहिलंय तेच वाच. गोड करू नकोस. ती त्यावर उधार आणेल.” ती बाई गेल्यावर तू मला भाकरीचा करपलेला तुकडा दिलास, जो मला आवडायचा.

आता लिहिलेलंच वाचते. तू मुदतीत आली नाहीस. न्यायालयाने निकाल लागेपर्यंत मंडळाचं बँकखातं गोठवलं आहे. अर्ज मी लिहिला. पण त्यात एक कलम मी मुद्दाम घातलं, चौथं. मधल्या काळात कुणाचं मयत झालं, तर अध्यक्षांनी स्वतः मासेरूच्या बँकेत येऊन सही केली की त्या मयतापुरते पैसे सुटतील. न्ताते लेतुका म्हणाले, एवढं कशाला? मी म्हटलं, माणसं खटला संपायची वाट बघून मरत नाहीत. ‘स्वतः येऊन’ हे शब्दही माझेच. भोंगेवाल्याच्या प्रकरणात खोट्या सह्या फार निघाल्या होत्या.

या पत्राचीही प्रत फाइलला आहे. मागचं वाचून न्ताते लेतुका म्हणाले, “तुझ्या आत्याला मी साक्षीदार म्हणून बोलावणार नाही. आपण हरू.”

सुनावणी जूनमध्ये आहे. तू नुसती येऊन उभी राहिलीस तरी मी मुदत वाढवायला हरकत घेणार नाही.

लिपुओ


मासेरू, २३ मे

आत्या,

कोण गेलं?

आमचे बेलीफ न्ताते मोखेथी आज परत आले. सुनावणीचे कागद द्यायला तेच घोड्यावरून वर आले होते. मी विचारलं, कागद हातात दिला ना?

“हातात कुठला! बाई जमिनीवर गादी टाकून बसलेली. भोवती चार-पाच जणी. मी म्हटलं, म्मे, राजाच्या न्यायालयाचा कागद आहे. ती बघेचना. त्यातली एक म्हणते, उंबऱ्यावर ठेव आणि नीघ, नाहीतर घोडा ठेवून घेऊ, आम्हाला एक जनावर कमी पडतंय.” सांगताना ते हसत होते. “मग ठेवला उंबऱ्यावर. वर दगड ठेवला, वारा फार होता.”

“गादी जमिनीवरच होती?”

“जमिनीवरच.”

“आणि खिडक्या?”

त्यांनी कप खाली ठेवला. “आउसी, मलाही आई होती. खिडक्यांना राख फासलेली होती. पण माझं काम कागद द्यायचं. दिला की नाही, एवढंच मला विचारतात. गादीचं कुणी विचारत नाही.”

तेव्हापासून मी फोन लावते आहे. तुझा वाजतो. आतोबांचा बंद आहे. दुकानदार म्हणतो, वर बर्फ आहे, कुणी खाली आलेलं नाही.

तुझी लेक थाकाने तिकडे खाणीच्या गावात आहे ना? ती ठीक आहे ना? मंडळातलं कुणी असेल. शेजारचं कुणी तुझ्या घरी ठेवलं असेल. असं मी स्वतःला सांगते आहे, आणि शेजारच्याचं मयत कुणी आपल्या घरी ठेवत नाही हेही मला माहीत आहे.

हे पत्र मी फाइलला लावणार नाही.

लिपुओ


मासेरू, २९ मे

आत्या,

मा-तुमेलोला मी कारखान्याच्या दाराशी गाठलं. पाळी सुटली होती, हजारो बायका एकदम बाहेर पडत होत्या, आणि तिने चालता चालताच सांगितलं.

आतोबा गेले. खाणीची धूळ शेवटी छातीत दगड होऊन बसली. हे सगळं झालं, पुरूनही झालं, आणि मी त्या दिवशी इथे कुठल्या तरी कंपनीला स्मरणपत्र लिहीत असेन.

“पेटी कुठली घेतली?” मी विचारलं. वेड्यासारखा प्रश्न, पण दुसरं काही सुचेना.

मा-तुमेलो थांबली. मागच्या बायका आमच्यावर आदळून पुढे जाऊ लागल्या. “पेटी? आम्ही तिघी बँकेत गेलो होतो. तिथला पोरगा म्हणाला, अध्यक्षबाई स्वतः हव्यात. मी म्हटलं, बाळा, अध्यक्षबाई नवऱ्याजवळ बसल्यात, उठता येत नाही. म्हणाला, मग दुसऱ्या कुणाला पाठवा. मी म्हटलं, दुसरी अध्यक्ष आणू की दुसरा नवरा?”

म्हणून त्यांना बैलाच्या कातड्यात पुरलं. जुन्या काळी राजांनाही तसंच पुरत, असं म्हातारे म्हणाले म्हणे. म्हाताऱ्यांनी बरं केलं. पण इतकी वर्षं प्रत्येक घरी पेटी पोचवणाऱ्या बाईच्या घरीच ती पोचली नाही. चौथं कलम मी लिहिलं. मी आपल्यातली आहे. विधवा गादीवरून उठत नाही हे मला पाठ आहे. आई गेली तेव्हा बाबा नव्हते, तर तू तिच्यासाठी बसली होतीस. तरी ‘स्वतः येऊन’ लिहिताना अध्यक्षबाईलाही नवरा आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी खोट्या सहीला अडवत होते.

“मला का नाही कळवलं?” मी विचारलं. “मी काहीतरी केलं असतं.”

“तुझी आत्याच नको म्हणाली. म्हणाली, ती पोरगी सह्यांसाठी धावाधाव करेल आणि नोकरी घालवून बसेल.”

हे तू खरंच म्हणालीस का? की मा-तुमेलोने माझा चेहरा बघून गोड केलं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून थकले.

लिपुओ


मासेरू, १९ जून

आत्या,

आज सुनावणी झाली. मा-तुमेलो मागच्या बाकावर होती, तिने सांगितलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

आत जाण्याआधी न्ताते लेतुका म्हणाले, “समन्स पोचलं, प्रतिवादी हजर नाही. आदेश माग आणि बस. पाच मिनिटांचं काम.”

“ती सुतकात आहे.”

“हे तुझ्या कागदांत कुठे आहे?”

“नाही.”

“मग न्यायालयात ते घडलेलं नाही. लिपुओ, माझंही मन दगडाचं नाही. त्यांच्या बाजूने कुणी येऊन सांगू दे, मी हरकत घेणार नाही. पण आपण त्यांचे वकील नाही.”

त्यांचं चूक नव्हतं. मी उठले तेव्हा पाच मिनिटांत बसायचं ठरवूनच उठले होते. न्यायाधीशबाईंनी विचारलं, “प्रतिवादीला समन्स मिळालं?” मी ‘मिळालं’ म्हणाले. ते खरं होतं. त्या लिहू लागल्या. आणि मग मी म्हणाले, “उंबऱ्यावर. त्या गादीवर बसलेल्या होत्या. आता त्यांच्या अंगावर काळं कापड आहे.”

त्यांनी पेन ठेवलं. “हे तुम्हाला कसं माहीत?”

“त्या माझ्या आत्या आहेत. गेलेले माझे आतोबा.”

“मग तुम्ही इथे उभ्या राहून काय करताय, बाई?”

मी ‘नोंद घेतली’ म्हणणार होते, पण न्ताते लेतुका उठले, माझ्या हातातली फाइल घेतली आणि म्हणाले, पुढे मी बघतो. मी मागे जाऊन बसले. मा-तुमेलोने बाकावर जागा केली, माझ्याकडे न बघता.

न्यायाधीशबाईंनी सांगितलं, काळ्या कापडातल्या बाईला मी या खोलीत ओढून आणणार नाही. कापड उतरल्यावर तारीख. तोवर खातं गोठलेलंच राहील, पण मयताचे पैसे कुठल्याही दोन सभासदांच्या सहीने सुटतील. म्हणजे चौथं कलम आता नीट झालं. महिना उशिराने.

मग त्यांनी न्ताते लेतुकांना सहज विचारलं, “लहान मंडळांना हा कायदा लागू नाही ना?” ते म्हणाले, “नाही. शंभराच्या आतल्या मंडळांना नोंदणी लागत नाही.” मा-तुमेलोने मान वर केली. तिच्या ओठांवर तो आकडा मी पाहिला.

हे मला फेब्रुवारीतच माहीत होतं. पहिल्या पत्रात कायदा समजावून सांगितला आणि एवढंच वगळलं. समोरच्या पक्षाला पळवाट सांगायची नसते. सांगितली असती, तर खातं गोठलं नसतं, आतोबांना पेटी मिळाली असती. आणि भोंगेवाल्याच्या भाचीने त्याला सांगितली असती, तर मीच तिला पकडलं असतं. हे दोन्ही मी एकमेकांशेजारी ठेवून बघते. कुठलंही एक हलत नाही.

मला या प्रकरणातून काढलं आहे. नोकरी आहे.

लिपुओ


मासेरू, १६ नोव्हेंबर

आत्या,

सहा महिने होत आले. तू बोलावलं नाहीस.

आपल्या घरची रीत मला माहीत आहे. विधवेचं काळं कापड तिच्या माहेरचं माणूस उतरवतं, आणि नवे कपडे माहेरून येतात. बाबा नाहीत. मला भाऊ नाही. तुझं माहेर म्हणजे मी एकटी. मी आल्याशिवाय ते उतरत नाही, आणि तू बोलावल्याशिवाय मला येता येत नाही.

निळं छापील कापड मी ऑगस्टमध्येच घेतलं. शिंपिणीने माप विचारलं, मी तिला स्वतःच्या खांद्यावरून दाखवलं, आणि म्हटलं, थोडं सैल ठेवा. आता वाटतं, सैल नको होतं. मा-तुमेलो म्हणते तू बारीक झालीस.

न्ताते लेतुका महिन्यातून एकदा माझ्या टेबलाशी येतात. “आत्याबाईंचं कापड?” “अजून नाही.” “सहा महिने असतात ना?” “सहा, किंवा वर्ष. घराघरावर आहे.” मागच्या वेळी जरा रेंगाळून म्हणाले, “तू जाऊन आलीस तर बरं नाही का होणार? सगळ्यांसाठीच?”

म्हणजे मी तुझं कापड उतरवायचं, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तारीख घ्यायची. मी म्हटलं, न्ताते, मी या प्रकरणात नाही. ते म्हणाले, बरोबर आहे, आणि लाजले. ते वाईट नाहीत. मला कुणी वाईट सापडतच नाही, हाच त्रास आहे.

तू माझ्यावरच्या रागाने त्या कापडात बसली आहेस, की मंडळासाठी? रागाने असशील तर मी रस्त्यावरून चालत येईन आणि अंगणात बसेन. मंडळासाठी असशील तर मी येणं म्हणजे तुझ्या हातातलं काढून घेणं. म्हणून मी कुठेच जात नाही. रविवारी ते कपडे कपाटातून काढते, घडी मोडते आणि पुन्हा घडी घालते.

लिपुओ


मासेरू, १४ डिसेंबर

आत्या,

काल रात्री परत पोचले. तू मला काही विचारलं नाहीस, मी काही सांगितलं नाही. म्हणून पुन्हा पत्र.

मंडळ विसर्जित केल्याचा कागद, तुझ्या सहीचा, गेल्या महिन्याच्या शेवटी कार्यालयात आला. न्ताते लेतुकांनी खटला मागे घेतला. सगळ्यांसाठी तळलेले पिठाचे गोळे मागवले. म्हणाले, “हे खरं जिंकणं. एकही माणूस तुरुंगात नाही, एकही पैसा बुडाला नाही.” मीही एक खाल्ला. त्याच संध्याकाळी मा-तुमेलो फाटकाशी आली आणि म्हणाली, “ये म्हणालीये. कपडे आण.” तेव्हा मला कळलं तू कशाची वाट बघत होतीस. कापड अंगावर होतं तोवर न्यायालय थांबलं होतं, आणि तेवढ्यात तुम्ही गावागणिक मंडळ कापून शंभराच्या आतले तुकडे केलेत.

परवा पहाटे काळं कापड उतरवून मी तुझ्या पाठीवर पाणी घातलं. “गार आहे,” तू म्हणालीस. दिवसभरात माझ्याशी तेवढंच. डोकं भादरताना तू माझं मनगट धरलं होतंस. तोल जाऊ नये म्हणून असेल. निळा झगा खांद्यावर सैल झाला. कुणी तरी टाचणी आणली.

मग बायका आल्या. आधी त्या एकाच तपकिरी ओळीत यायच्या. परवा हिरवी ब्लँकेटं वेगळी, पिवळी वेगळी, कारखान्याच्या मुली आकाशी रंगात फाटकाशी. कुणी कुठे बसायचं ते त्यांना कळेना. ज्वारीची दारू वाढायला कुठली उठणार यावरून हिरव्या आणि पिवळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि शेवटी तूच उठलीस, नव्या कपड्यात, ज्या दिवशी तू उठायचं नसतं. हे मी पाहिलं. कार्यालयाच्या अहवालात ते येणार नाही, कारण कायद्याने सगळं ठीक झालं आहे.

जन्मल्यापासून माझं नाव तुझ्या मंडळात होतं. मी चुलीपाशी मा-तुमेलोला हळूच विचारलं, आता मी कुठल्या रंगात? ती म्हणाली, “तुझ्या कार्यालयाचा विमा आहे ना तुला? चांगला असेल. परवान्याचा.” तू शेजारीच होतीस. तू भांड्यातलं ढवळत राहिलीस. मा-तुमेलो मग स्वतःच ओशाळली आणि मला मांसाचा चांगला तुकडा वाढला. पाहुण्यांना वाढतात तसा.

मी भांडायला लिहीत नाही. प्रत्येक गावाची माणसं मोजून शंभराच्या आत बसवायची होती, आणि मी कुठल्याच गावात राहत नाही. माझं नाव घालायचं तर कुणाचं तरी काढावं लागलं असतं. हा हिशेब मला समजतो. मीच असते तर तसाच केला असता.

म्हणून नाव मागत नाही. ब्लँकेटही नको. फक्त वर कुणी गेलं, कुणीही, हिरव्यातलं असो, पिवळ्यातलं असो, तर मला कळव. दुकानातून फोन करायला सांग, टॅक्सीवाल्याकडे चिठ्ठी दे. माझी नोकरी जाईल का याचा विचार करू नकोस, तो माझा मी करीन. मी येईन, मागे बसून बैलाची आतडी धुवीन, मोठी भांडी घासीन, आणि कुणी विचारलं ही कुठल्या मंडळाची, तर कुठल्याच नाही म्हणेन.

मे महिन्यात जे केलंस ते परत करू नकोस. कळव.

तुझ्या भावाची मुलगी,
लिपुओ